यंत्र आलं की आधी कुणाचं काम जातं? लडाइट, हातमाग आणि रॅपियर

तुमचे वडील साध्या यंत्रमागावर काम करतात, मालक जुने माग काढून रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचे वेगवान माग, बसवणार म्हणतोय, आणि तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलंत की इंग्लंडमध्ये लडाइट नावाच्या अडाणी लोकांनी प्रगतीला घाबरून यंत्रं फोडली पण शेवटी यंत्रांनी सगळ्यांचं भलंच झालं. हे खरं का, आणि खरं असेल तर वडिलांना काय सांगू, असा प्रश्न आहे. मी आधी सूतगिरणीत रिंगफ्रेम, म्हणजे सूत कातायच्या मशीनच्या, खात्यात होतो, नंतर माग बसवून देणं आणि सायझिंगच्या (सुताला खळ देण्याच्या) तक्रारी निस्तरणं हेच करत आलो, आणि या धंद्याचा जुना इतिहास वाचायची मला पहिल्यापासून आवड, त्यामुळे उत्तर लांब होणार, सवडीनं वाचा.

पुस्तकातलं वाक्य पूर्ण खोटं नाहीये. पण भलं किती वर्षांनी झालं आणि मधल्या काळात कुणी काय सोसलं हे त्यात येत नाही. रॉबर्ट ॲलन नावाचे आर्थिक इतिहासाचे मोठे अभ्यासक आहेत, त्यांच्या हिशोबाप्रमाणे १७८० ते १८४० या ६० वर्षांत ब्रिटनमध्ये दर कामगारामागचं उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढलं आणि महागाई वजा जाता मजुरी वाढली १२ टक्के. ६० वर्षं म्हणजे दोन पिढ्या झाल्या की हो. ज्यानं १७९५ च्या आसपास पोरवयात माग शिकला त्याचं अख्खं आयुष्य त्यात संपलं, त्याला नातवंडांच्या काळातल्या पगारवाढीचा काय उपयोग. म्हणून मी हा प्रश्न जरा वेगळ्या पद्धतीनं बघतो: यंत्र नेमकं कुठल्या कामाला आलंय, त्या कामाच्या अलीकडे-पलीकडे कोण बसलंय, आणि वाढलेल्या उत्पादनाची वाटणी ठरताना त्या माणसाला तोंड उघडता येतं का. कुठल्याही शेडमध्ये नवीन मशीन बसवायला गेलो की या तीन गोष्टींवरून मला पुढचं बरंचसं कळतं.

आणि एक आधीच सांगतो, बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. मालक स्वतःचं सूत घेऊन कापड विकतो की जॉबवर, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर, विणून देतो, रॅपियर नवा आहे की परदेशातून आलेला सेकंडहँड, गावात दुसरीकडे काम मिळतं का, वडिलांचं वय काय, यावर उत्तर बदलतं. त्यामुळे नोकरी राहील की जाईल असं छातीठोक मी सांगणार नाही, पण कशाकडे लक्ष ठेवायचं ते सांगू शकतो.

आता इंग्लंडकडे येऊ. यंत्र अख्ख्या धंद्याला कधीच एकदम येत नाही, ते एका कामाला येतं आणि मग बाकीची कामं तुंबतात. १७३३ साली जॉन के यानं दोरीनं उडणाऱ्या धोट्याचं (आडवं सूत इकडून तिकडे नेणारी वस्तू) पेटंट घेतलं. त्याआधी विणकर धोटा एका हातानं फेकून दुसऱ्या हातानं झेलायचा, रुंद पन्ह्याला दोन माणसं लागायची. नवीन धोट्यानं एक माणूस रुंद कापड भराभर विणायला लागला आणि सूत पुरेना. आधीच एका विणकराला सूत पुरवायला तीन-चार बायका तरी चरख्यावर लागायच्या, आता तेवढ्याही कमी पडायला लागल्या. तुंबलं ते कताईत, म्हणून डोकी लागली ती कताईत.

जेम्स हार्ग्रीव्ह्जनं १७६४ च्या सुमारास जेनी नावाचं कताईचं यंत्र केलं, एक चाक फिरवून ८ चात्या (सूत कातणारे फिरते दांडे) चालायच्या. पण जेनीचं सूत मऊ, पीळ कमी, ते बाण्यालाच, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्याला, चालायचं. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, नाही चालत असं सूत, का ते मागावर उभं राहिलेल्याला सांगायला नको, प्रत्येक पिकाला (आडव्या धाग्याच्या एकेका फेरीला) ताण्याचा धागा वर-खाली ओढला जातो, फणी त्याला घासते, तो सतत ताणात असतो, कच्चा धागा तिथं टिकतच नाही. त्यामुळे तोवर लँकेशायरमधले विणकर ताणा लिननचा, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचा, घ्यायचे आणि बाणा कापसाचा. १७६९ मध्ये रिचर्ड आर्कराइटनं, म्हणजे मूळचा न्हावी आणि केसांचे टोप बनवणारा माणूस, त्यानं रोलरमधून कापूस खेचून पीळ देणारी फ्रेम पेटंट केली, १७७१ मध्ये क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी उभी केली, आणि ताण्यालायक पक्कं कापसाचं सूत मशीनवर निघायला लागलं. आजच्या रिंगफ्रेममध्ये वरच्या बाजूला ड्राफ्टिंगचे रोलर असतात ना, तत्त्व तेच आहे, अडीचशे वर्षं झाली तरी. मग १७७९ मध्ये बोल्टनच्या सॅम्युअल क्रॉम्प्टननं दोन्हीचे गुण एकत्र करून म्यूल काढला आणि बारीक, पक्कं सूत निघालं. बिचाऱ्यानं ते पेटंट न करता उघड केलं, वर्गणीत हाती पडले जेमतेम ६० पौंड.

याचा परिणाम एका आकड्यात सांगतो. १०० पौंड कापूस कातायला भारतातल्या हातकताईला ५०,००० तासांहून जास्त लागायचे. क्रॉम्प्टनच्या म्यूलवर १७८० ला २,००० तास. १८२५ च्या सुमारास रॉबर्ट्सच्या आपोआप चालणाऱ्या म्यूलवर १३५ तास. एका माणसाच्या आयुष्यात एवढा फरक पडला. पुढच्या सगळ्या गोष्टी या तीन आकड्यांतून निघतात.

तर पहिलं काम कुणाचं गेलं? हातानं सूत कातणाऱ्या बायकांचं. घरात बसून, पोरंबाळं सांभाळून, चार पैसे मिळवणाऱ्या. इंग्लंडमध्येही आणि नंतर आपल्याकडेही. त्यांची संघटना नव्हती, त्यांनी मोर्चे काढल्याच्या कहाण्या फारशा नाहीत, इतिहासाच्या पुस्तकात त्यांना अर्धी ओळ मिळते. विणकराचं मात्र उलट झालं. सूत स्वस्त आणि मुबलक झालं, माग हातावरच होते, मग विणकराला सोन्याचे दिवस आले. आपल्याकडे पण हातमाग टिकला तो याच कारणानं, आधी विलायती सूत आणि नंतर मुंबईच्या गिरण्यांचं सूत विणकरांनी मागावर चढवलं, सोलापूर-इचलकरंजीकडचे हातमाग गिरणीच्या सुतावरच चालले. म्हणजे एकच यंत्र, एका घरात बायकोचं काम घेऊन गेलं आणि नवऱ्याचं वाढवून गेलं. 'यंत्र चांगलं की वाईट' असा सरसकट प्रश्न विचारला की हे दिसत नाही.

पण विणकराचे ते दिवस टिकले नाहीत, आणि ते का गेले यात मला सगळ्यात जास्त रस आहे, कारण सगळे समजतात की यंत्रमाग आला आणि विणकर मेला. तारखा जुळत नाहीत हो. एडमंड कार्टराइटनं, हा धर्मोपदेशक होता, यंत्रमागाचं पहिलं पेटंट १७८५ ला घेतलं. पण पुढं वीस-पंचवीस वर्षं तो माग नीट चाललाच नाही. कारण ऐकाल तर तुमचे वडील लगेच मान डोलावतील: खळ, म्हणजे धागा पक्का करायला त्याला लावायची पेज. ताण्याला खळ द्यायला दर थोड्या वेळानं माग थांबवावा लागायचा, मग वाफेवर चालवून उपयोग काय. १८०३-०४ च्या सुमारास स्टॉकपोर्टचा विल्यम रॅडक्लिफ आणि त्याच्याकडचा थॉमस जॉन्सन यांनी ताण्याला आधीच खळ देऊन, सुकवून बीमवर, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावर, गुंडाळायचं मशीन केलं, म्हणजे आजच्या सायझिंगचा आजोबा. मग १८२२ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्सचा लोखंडी माग आला आणि तिथून गाडी सुटली. आकडे बघा, ब्रिटनमध्ये १८१३ ला यंत्रमाग होते फक्त २,४०० च्या आसपास, १८२० ला १४,०००, १८३३ ला एक लाख, १८५० ला अडीच लाख. आणि हातमागवाले १८२० च्या सुमारास होते अंदाजे २ लाख ४० हजार.

आता मजुरी बघा. बोल्टनमध्ये हातमागवाल्याला आठवड्याला १७९५ मध्ये ३३ शिलिंग मिळायचे, १८१५ मध्ये १४ शिलिंग, आणि १८३० च्या आसपास साडेपाच. म्हणजे १८१५ पर्यंत मजुरी निम्म्याच्या खाली आली आणि तेव्हा यंत्रमाग होते जेमतेम दोन-तीन हजार! यंत्रमागानं मजुरी पाडली असं म्हणताच येत नाही, यंत्रमागानं शेवटचा घाव घातला, पाडली आधीच होती.

कशानं पाडली मग? चांगल्या दिवसांत जो तो मागावर बसला. साधं कापड विणणं काही महिन्यांत येतं, शेतमजूर आले, आयर्लंडहून लोक आले, १८१५ ला नेपोलियनशी लढाई संपली तेव्हा सैनिक परत आले. माग विणकराच्या घरात पण सूत व्यापाऱ्याचं, विणकर एकमेकांपासून तुटलेले, दर व्यापारी ठरवणार. त्यात १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी मजुरांनी एकत्र येऊन मजुरी मागणं हाच गुन्हा केला होता, ते कायदे उठले १८२४ ला. विणकरांनी सरळ मार्गानं मागणी केलीच नाही असंही नाही. किमान मजुरी कायद्यानं ठरवा म्हणून त्यांनी अर्ज केले, पार्लमेंटनं १८०८ मध्ये ते बिल फेटाळलं, मँचेस्टरला मैदानात हजारो विणकर जमले तर त्यांच्यावर सैन्य घातलं. पुढं १८३० च्या दशकात समित्या बसल्या, आयोग बसला, शेकडो पानं साक्षी लिहून घेतल्या, हाती काही दिलं नाही. १८५० पर्यंत अडीच लाखांतले ४०-५० हजार उरले, बाकीचे कुठं गेले याचं उत्तर म्हणजे गिरण्या, खाणी, अमेरिका आणि वर्कहाऊस, म्हणजे गरिबांना कामाला जुंपून ठेवायची घरं. मला हे वाचून अजूनही त्रास होतो, कारण हा सगळा काळ 'प्रगती' या एका शीर्षकाखाली शिकवला जातो.

लडाइट मूर्ख होते का? नाही, अजिबात नाही, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. नॉटिंगहॅमशायरमध्ये मार्च १८११ ला जे सुरू झालं ते पायमोजे विणायच्या फ्रेमवरून. ती फ्रेम विल्यम लीनं १५८९ मध्ये शोधली होती! सव्वादोनशे वर्षं बापजाद्यांनी जे यंत्र चालवलं त्याला घाबरून लोक कसे फोडतील? त्यांची तक्रार वेगळी होती. काही मालक रुंद फ्रेमवर कापड विणून, कापून, शिवून मोजे विकायला लागले होते. अशा मोज्याला विणलेली किनार नसते, धुतला की सांधा उसवतो, स्वस्त पडतो पण धंद्याचं नाव खराब होतं आणि नीट मोजे विणणाऱ्याचा दर पडतो. वर शिकाऊ पोरं भरून मजुरी पाडायची. त्यांनी फ्रेमा निवडून फोडल्या, जो मालक रीतसर दर देतो त्याची फ्रेम शेजारीच शाबूत. त्याआधी १७७९ मध्ये लँकेशायरच्या दंग्यातही जमावानं २४ चात्यांपर्यंतच्या जेनींना हात लावला नव्हता, कारण तेवढी जेनी घरात बसते, त्याहून मोठ्या, कारखान्यातल्या जेनी फोडल्या. ज्याला यंत्राचीच भीती आहे तो चात्या मोजत बसत नाही.

यॉर्कशायरचं मात्र वेगळं होतं, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. हडर्सफील्डकडे लोकरी कापडावरची लव मोठ्या कात्रीनं भादरणारे कसबी कारागीर होते, क्रॉपर. कातरणीची फ्रेम आली आणि त्यांचं काम थेट गेलं, तिथं यंत्र आणि माणूस समोरासमोर होते. त्यांनी एप्रिल १८१२ मध्ये रॉफोल्ड्सच्या गिरणीवर हल्ला केला, त्याच महिन्यात विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाचा खून झाला. त्या वर्षी सरकारनं फ्रेम फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली, कवी लॉर्ड बायरननं हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याविरुद्ध भाषण केलं, उपयोग झाला नाही, आणि जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला १७ जणांना फाशी दिली. खून समर्थनीय नाही. पण ज्यांना संघटना करायची बंदी, मतदानाचा हक्क नाही, पार्लमेंटनं जुने संरक्षणाचे कायदे आधी स्थगित आणि मग रद्द केलेले, त्यांच्याकडे मालकाशी बोलायचा दुसरा रस्ता कुठला उरला होता हे विचारल्याशिवाय त्यांना अडाणी म्हणू नये.

विद्वानांचं काय म्हणणं होतं त्या वेळी? बहुतेकांचं म्हणणं तुमच्या पुस्तकासारखंच. पण डेव्हिड रिकार्डो, त्या काळचा सगळ्यात मोठा अर्थशास्त्रज्ञ, आधी तोही तसंच मानायचा, त्यानं १८२१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवीन प्रकरण घातलं आणि मत बदलल्याचं उघड लिहिलं, की यंत्रानं आपलं नुकसान होतं असं मजुराला वाटतं ते अज्ञानातून नाही, तसं खरंच होऊ शकतं. एवढ्या मोठ्या माणसानं छापील मत बदलणं, मला त्याच्याबद्दल फार आदर आहे.

याउलट नासाऊ सीनियर. त्यानं १८३७ मध्ये गणित मांडलं की गिरणी दिवसाला साडेअकरा तास चालते, त्यातले पहिले तास भांडवल, झीज, खर्च भरून काढण्यात जातात आणि सगळा निव्वळ नफा शेवटच्या तासात होतो, म्हणून कामाचा एक तास कमी केला की नफा गेला आणि गिरण्या बंद. हे वाचलं तेव्हा मला वाटलं की या माणसानं शिफ्टच्या शेवटी रिंगफ्रेमची एक बाजू तरी सांभाळून बघायला हवी होती. शेवटच्या तासात तुटी वाढतात, सांधायला हात मंद होतो, सांधा जाड पडतो, तो पुढं मागावर जाऊन तुटतो, डॉफ (भरलेल्या बॉबिन काढणं) उशिरा निघतो, आणि बोटं-हात मशीनमध्ये सापडायचे अपघातही मी पाहिले ते जास्त करून शिफ्ट संपत आल्यावर. शेवटचा तास सगळ्यात महागाचा आणि सगळ्यात कमी मालाचा असतो. सीनियरला उत्तर मिळालं पण ते गिरणीतूनच, प्रेस्टनच्या रॉबर्ट गार्डनर या मालकानं १८४४ मध्ये १२ ऐवजी ११ तास काम ठेवलं आणि वर्षभरानंतर माल तेवढाच निघाला.

सुधारणांचं पण असंच आहे, त्या यंत्राबरोबर आपोआप आल्या नाहीत. १८०२ ला कायदा झाला, १८१९ ला झाला, ९ वर्षांखालची पोरं कापसाच्या गिरणीत नकोत असं लिहिलं, पण तपासायला कोण? गावचे मॅजिस्ट्रेट, म्हणजे बहुतेक मालकांच्याच ओळखीचे. कागदावरच राहिले. १८३३ च्या कायद्यात पगारी सरकारी इन्स्पेक्टर नेमले, सगळ्या देशाला मिळून ४, तरी तिथून फरक पडायला सुरुवात झाली. १८४४ ला मशीनला जाळी-कुंपण घालायची सक्ती, १८४७ ला बायका आणि मुलांना दहा तासांची मर्यादा. माझ्या मते त्या काळातला जेनीइतकाच मोठा शोध हा फॅक्टरी इन्स्पेक्टर आहे, रजिस्टर मागणारा आणि दंड करू शकणारा माणूस.

आपल्या मुंबईचा इतिहासही तपासून बघा. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली, १८५६ ला ताडदेवची गिरणी सुरू झाली. पहिला फॅक्टरी कायदा आला १८८१ ला, तो ७ वर्षांखालच्या पोरांपुरता आणि लहान मुलांच्या तासांपुरता, मोठ्या माणसांना काहीच नाही. तो यावा म्हणून इथं सोराबजी शापूरजी बंगाली झटत होते आणि तिकडे लँकेशायरचे मालकही दबाव आणत होते, त्यांना मुंबईची स्पर्धा नको होती, हेही खरं. पण रविवारची सुट्टी काही लँकेशायरनं दिली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अपघात झाल्यास भरपाई. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, त्यात दोन बायका व्यासपीठावरून बोलल्या, आणि १० जून १८९० ला मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. दिवाणजी असो की आयटीवाला, रविवारी घरी असतो त्यात या माणसाचा वाटा आहे.

आणि उलटं उदाहरण पण मुंबईचंच आहे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्याआधी अंधार पडला की काम थांबायचं, आता रात्री दिसायला लागलं, तर दिवस १४-१५ तासांचा झाला. दिव्यासारखी चांगली वस्तू, पण तास ठरवणारा नियम नव्हता म्हणून ती कामगाराच्या झोपेवर उठली. मोठ्या पुरुषांना १२ तासांची मर्यादा आली १९११ च्या कायद्यानं. मग १९२८ मध्ये मालक म्हणाले, दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, त्यावरून आणि मजुरीवरून एप्रिल ते ऑक्टोबर दीड लाख कामगारांचा संप चालला. कामगारांचं म्हणणं होतं की तीन माग द्यायचे तर सूत चांगलं द्या, तुटी कमी असू द्या, आणि जे वाचेल त्यातला वाटा द्या. हे नीट लक्षात ठेवा, तुमच्या वडिलांच्या कामाचं आहे.

आता थोडं गोळा करू आणि तुमच्या शेडकडे येऊ. यंत्र एका कामाला येतं, आधी त्या कामाला लागून बसलेला माणूस जातो. दुसऱ्या टप्प्यातल्या माणसाला काही काळ फायदा होतो, मग गर्दी होऊन त्याचा दर पडतो. आणि दर पडायला यंत्रापेक्षा कामगारांचं सुटं-सुटं असणं जास्त कारणीभूत असतं.

साध्या मागावर मिनिटाला १२०-१५० पिक पडतात, रॅपियरवर मशीन बघून ३०० ते ५००. धोटा गेला, बाण्याचं सूत सरळ कोनवरून (सुताच्या मोठ्या शंकूवरून) येतं. म्हणजे कांडी (धोट्यात बसणारी सुताची नळी) लागतच नाही. शेडमध्ये पहिलं काम जाणार ते कांडी भरणाऱ्यांचं, आणि त्यात बहुतेक बायका असतात, चरख्यावरच्या त्या बायकांसारख्याच, त्यांच्याबद्दल मालक बोलणार नाही, बऱ्याचदा मागवालेही बोलत नाहीत. तुमच्या घरातलं किंवा शेजारचं कुणी कांडीवर असेल तर तिची सोय आधी बघा, कोन वाइंडिंग किंवा घडी-चेकिंगला घेतील का ते आत्ताच विचारा, मशीन आल्यावर विचारून उपयोग नसतो. वहिफणीवाल्याचं, म्हणजे ताणा मागावर चढवणाऱ्याचं, काम राहतं, कारण बीम जोडणं-भरणं सुटत नाही, फक्त बीम लवकर संपतात त्यामुळे घाई वाढते. जॉबरला, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणाऱ्याला, नवीन शिकावं लागतं, पण जो शिकतो त्याला मागणी असते.

मागवाल्यांत काही राहतात, काही जातात. शेडमध्ये माणसं किती लागतील हे मालक किती मशीन घेतो यावर आहे. तुमच्या वडिलांचं वय पन्नाशीच्या आत असेल आणि नजर चांगली असेल तर मशीन बसवायला कंपनीचा फिटर येतो ते दिवस त्यांनी अजिबात सोडू नयेत. मालकाला म्हणावं मला फिटरच्या हाताखाली द्या, दिवसाची मजुरी कमी पडली तरी चालेल. मी बसवलेल्या शेडमध्ये जे सुरुवातीपासून हजर होते तेच पुढं मशीनवर राहिले, मागाहून शिकू म्हणणाऱ्याला जागा मिळत नाही. साध्या मागावरचा चांगला कामगार रॅपियर लवकर उचलतो, ताणा बघायची नजर तीच लागते.

पण शिकण्याइतकाच महत्त्वाचा आहे दर. आत्ता मजुरी मीटरवर किंवा पिकावर असेल. मालक म्हणेल मशीन तिप्पट चालतं म्हणून मीटरचा दर एक तृतीयांश, हिशोब तोच. तो हिशोब तोच नसतो, कारण मशीन तेवढं तेव्हाच चालतं जेव्हा सूत सारखं असतं आणि खळ नीट बसलेली असते. जुन्या सायझिंगचा बीम रॅपियरवर चढवला की ताणा पटापट तुटतो, एफिशियन्सी पडते, आणि शिव्या कामगार खातो, पैसे पण त्याचेच कापले जातात. मी किती शेडमध्ये हे भांडण सोडवलंय. म्हणून दर ठरायच्या आधी सगळ्या मागवाल्यांनी मिळून, एकट्यानं नाही, तीन गोष्टी मागाव्यात. पहिले दोन-तीन महिने मशीन बसेपर्यंत मीटरवर नाही तर रोजावर मजुरी. त्यानंतर दर ठरवताना आधी त्या शेडमधलं खरं उत्पादन बघून दर, कॅटलॉगमधल्या स्पीडवर नाही. आणि ताण्याच्या तुटी, लाईट गेल्याचा वेळ, बीमसाठी थांबलेला वेळ रोजच्या रोज वहीत लिहायचा, रॅपियरच्या डिस्प्लेवर बहुतेक वेळा तुटी आणि थांबलेला वेळ दिसतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला तरी चालेल. गावात कामगार संघटना असेल आणि तिचा मजुरीचा करार असेल तर त्यात शटललेस (बिनधोट्याच्या) मागांचा दर आहे का ते विचारा, नसेल तर तो मुद्दा घ्यायला लावा.

कामगार चार असोत की चाळीस, मशीन गाडीतून उतरायच्या आधी हे बोलणं झालं पाहिजे. मालकानं कर्ज काढलेलं असतं, हप्ता सुरू झाला की तो घाईत असतो, त्याला पहिल्या दिवसापासून माहीतगार हात हवे असतात, आणि ते हात तुमच्या वडिलांसारख्यांचेच आहेत. किती मागांचे किती रॅपियर होणार, बीम कुठल्या सायझिंगचा येणार आणि सध्या मीटरला काय मिळतं एवढं खाली लिहिलंत तर दराचा हिशोब कसा मांडायचा तो मी आकड्यांत करून देतो.